रेनकोटची चिकटपट्टी

दोन्ही किडन्या कामातून गेल्यात, असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मला पहिला राग आला तो डॉक्टरांचा. दुसरा आला वन्संचा, कारण त्या लगेच पिशवीतून वही काढून सगळं लिहून घ्यायला लागल्या. माझा स्वभावच तसा आहे. रडू यायला लागलं की मी आधी कोणावर तरी डाफरते.

वन्सं म्हणजे माझी थोरली नणंद. मुलींच्या शाळेत आयुष्य काढून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या. लग्न केलं नाही. माझा नवरा गेला तेव्हा मला सोबत म्हणून चार दिवस राहायला आल्या, त्याला आता सात वर्षं झाली. कोण कोणाची सोबत करतंय हे अजून ठरलेलं नाही. शाळेत मुली त्यांना पाठीमागे 'फूटपट्टी' म्हणायच्या. हे त्यांना माहीत होतं आणि मला वाटतं, मनातून आवडतही होतं.

मी कटिंग मास्टर. रेनकोट आणि कामगारांचे डगले शिवणाऱ्या कारखान्यात कापडाचे ऐंशी थर एकावर एक अंथरायचे, वर खडूने आखायचं आणि यंत्राने कापायचं. एक रेघ चुकली की ऐंशी रेनकोट वाया. बायकांना हे काम सहसा देत नाहीत. मला दिलं, कारण आधीच्या मास्टरांना दिसेनासं झालं तेव्हा वर्षभर त्यांच्या नावावर मीच आखून देत होते, हे मालकांच्या उशिरा का होईना लक्षात आलं. कारखाना घरापासून दोन गल्ल्या सोडून आहे.

आणि मांजरं दोन. मुकादम हा करड्या रंगाचा, आठ वर्षांचा, अंगाने भरलेला बोका. कोणी काम करायला लागलं की तो समोर येऊन बसतो आणि स्वतः काडीचंही काम न करता शेवटपर्यंत बघत राहतो, म्हणून मुकादम. चिंधी ही कारखान्याच्या मागे, कापडाच्या कातरणांच्या पोत्यात सापडली. वर्षाचीही नाही. दोरा, नाडी, बुटाची लेस, काही लोंबताना दिसलं की ती चावणार. वन्संना दोन्ही मांजरं चालायची नाहीत. त्या त्यांना 'तुझी ती' म्हणायच्या.

माझ्यावरचा उपचार असा. पोटात बसवलेली पेन्सिलीएवढी नळी बेंबीच्या डावीकडून बाहेर येते. दिवसातून चार वेळा तिला पिशव्या जोडायच्या. पोटातलं जुनं पाणी खाली ठेवलेल्या रिकाम्या पिशवीत उतरवायचं आणि वर टांगलेल्या पिशवीतलं दोन लिटर नवं पाणी पोटात भरायचं. किडनीने करायचं काम ते पाणी करतं. सगळं मिळून पस्तीस-चाळीस मिनिटं. घरच्या घरी होतं, म्हणून नोकरी टिकते. हे जमलं नाही, तर नळी काढून टाकायची आणि आठवड्यातून तीन दिवस इस्पितळातल्या यंत्राला स्वतःला बांधून घ्यायचं. मग कसलं कटिंग नि कसलं काय.

घरी करायचं तर नियम पाळायचे. वेगळी खोली, दार-खिडकी बंद, तोंडाला मास्क, हात तीन मिनिटं धुवायचे. जोडताना नळीचं टोक कशालाही लागता कामा नये, कारण तिथून जंतू शिरला की तो थेट पोटात. आणि माहितीपत्रकात ठळक अक्षरांत लिहिलेलं, की घरात पाळीव प्राणी शक्यतो नकोत, त्या खोलीत तर नकोतच.

ते वाचून मी पत्रक वन्संच्या हातात दिलं आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. नळी बसवल्यानंतरचे ते दिवस मी जवळजवळ तशीच होते. तीन आठवडे. कारखान्यातून बायका भेटायला आल्या, मी डोळे मिटून पडून राहिले. वन्संनी वेळापत्रक करून भिंतीला लावलं. मी त्याच्याकडे पाहिलं नाही. पाणी बदलायचं काम त्याच करत होत्या, कारण दुसरं माणूस म्हणून इस्पितळाने त्यांनाही शिकवलं होतं.

मला उठवलं मुकादमने. वन्संनी वाढलेलं तो खायचा नाही. सकाळी साडेसहाला माझ्या छातीवर येऊन उभा राहायचा आणि तोंडात तोंड घालून ओरडायचा. बाकी सगळे मला कसं वाटतंय ते विचारत होते. त्याला त्याच्याशी काही देणंघेणं नव्हतं, त्याला मासळी हवी होती. त्याला शिव्या देत मी उठायचे, स्वयंपाकघरापर्यंत जायचे. एकदा गेले की मग चहा करायचे. चहा झाला की कपडे बदलायचे. पोटात दोन लिटर कोमट पाणी असलं की तो येऊन पोटाला पाठ लावून पसरायचा, आणि आपलं शरीर म्हणजे नुसती गळकी पिशवी नाही, कोणाला तरी इथे बरं वाटतंय, असं मला वाटायचं. वन्सं हे सगळं दारातून बघत होत्या.

मग घराची पाहणी करायला इस्पितळातल्या सिस्टर येणार असं कळलं. आदल्या दिवशी वन्संनी पडदे धुतले, गाद्या झाडल्या, फरशी तीनदा पुसली आणि सकाळी दोन्ही मांजरं टोपलीत घालून खालच्या मजल्यावरच्या सुताराकडे स्वतः नेऊन दिली. मला वाटलं, कायमची दिली. सिस्टर आल्या, खोली बघितली, बेसिन बघितलं, खूश झाल्या. जाताना त्यांनी स्वतःच्या पांढऱ्या बाहीवरून एक करडा केस उचलला आणि तो उजेडात धरून वन्संकडे बघितलं.

"होती दोन," वन्सं म्हणाल्या. "देऊन टाकली."

सिस्टरनी मान डोलावून कागदावर तसं लिहिलं. वन्संचा चेहराच असा आहे की त्यांनी सांगितलं तर माणूस तारीख-वारही तपासून बघत नाही. सिस्टर गेल्यावर त्या स्वयंपाकघरात स्टुलावर बराच वेळ बसून होत्या. मग खाली जाऊन टोपली घेऊन आल्या. मला म्हणाल्या की त्यांनी नोकरीत कधी हजेरीसुद्धा खोटी मांडलेली नाही, आणि आज एका बोक्यासाठी खोटं बोलल्या. त्यांची अट एकच होती. मांजरं घरात राहतील, पण त्या खोलीचा उंबरठा ओलांडणार नाहीत. शब्द दे, म्हणाल्या. मी दिला.

चार महिने मी तो पाळला. मी पुन्हा कामावर जायला लागले. सकाळचं पाणी निघायच्या आधी, दुपारचं जेवणाच्या सुट्टीत घरी येऊन, मग संध्याकाळचं, मग झोपण्याआधीचं. मालकांनी जेवणाची सुट्टी वाढवून दिली. सगळं सुरळीत चाललं होतं.

दुपारचं पाणी मात्र मला खायला उठायचं. त्या वेळी वन्सं वाचनालयात गेलेल्या असायच्या. जोडून झालं की वीस मिनिटं जुनं पाणी उतरत राहतं आणि तेवढा वेळ भिंतीकडे बघत बसायचं. कारखान्यातून आलेल्या माणसाला असं नुसतं बसता येत नाही. आपल्या आतून काय काय बाहेर जातंय ते पिशवीत दिसत असतं आणि नको ते विचार डोक्यात येतात. दाराबाहेर मुकादम नखांनी लाकूड खरवडायचा. एके दुपारी जोडून झाल्यावर, मास्क काढल्यावर, मी पायाने दार ढकललं. जोखमीचं ते जोडणं, ते तर झालं, असं मी स्वतःला समजावलं. तो आला आणि मांडीवर बसला, आणि ती वीस मिनिटं कशी गेली ते कळलं नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. आठवड्याभराने चिंधीही यायला लागली. मला वन्संना दिलेला शब्द आठवत नव्हता असं नाही. रोज आठवायचा आणि रोज मी दार उघडायचे.

तो मंगळवार होता. पाणी भरायला लागलं होतं, मुकादम मांडीवर होता आणि माझा डोळा लागला. पाय ओला लागला म्हणून जाग आली. वरून येणाऱ्या नळीला दोन बारीक भोकं होती, शेजारी शेजारी, सुईने पाडल्यासारखी. त्यातून थेंब थेंब पाणी चादरीवर पडत होतं. मांजरं दोन्ही खिडकीखाली बसून अंग चाटत होती.

अशा वेळी काय करायचं ते पत्रकात होतं. नळीला दोन्ही बाजूंनी चिमटे लावा, सगळं थांबवा, ताबडतोब इस्पितळात फोन करा. मला ते पाठ होतं. पण तीस वर्षं माझ्या हातात काही फाटकं आलं की मी ते दुरुस्त करते. माझ्या कामाच्या पिशवीत रेनकोट फाटला तर लावतात ती चिकटपट्टी होती. तिचा बोटभर तुकडा कापला, भोकांवर घट्ट गुंडाळला, दाबून बघितला. थेंब थांबला. इतकं नीट बसलं की मला स्वतःचं कौतुक वाटलं, हे कबूल करते. ती पट्टी बाहेरचं पाणी आत येऊ नये म्हणून बनवलेली असते. जंतूंचं तिला कोणी सांगितलेलं नसतं. उरलेलं पाणी मी पोटात भरून घेतलं, नळीवर टोपण लावलं, पिशव्या गुंडाळून कचऱ्यात टाकल्या, चादर बदलली आणि वेळेत कामावर गेले.

बुधवारी सकाळी माझा उजवा अंगठा सुजला होता. यंत्राच्या मुठीने कधी कधी तसं होतं. म्हणून त्या दिवशी सकाळचं जोडणं वन्संनी केलं. तीन मिनिटं घड्याळ लावून हात धुतले, एक एक पायरी मोठ्याने म्हणत केली. त्यांच्यासारखं कोणीच करत नाही.

गुरुवारी सकाळी उतरलेलं पाणी गढूळ होतं. ते ओळखायची रीत सोपी आहे. भरलेल्या पिशवीमागे वर्तमानपत्र धरायचं, अक्षरं वाचता आली पाहिजेत. मथळासुद्धा वाचता येईना. पोटात कळ होती आणि अंगात ताप. वन्संनी गाडी बोलावली. दहाच्या आत मी इस्पितळात खाटेवर होते आणि पाहणीला आलेल्या त्याच सिस्टर पाण्याच्या पिशवीतच औषध मिसळून माझ्या पोटात सोडत होत्या.

नंतर त्यांनी आम्हा दोघींना शांतपणे विचारलं, की गेल्या तीन दिवसांत कोणी कोणी जोडलं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या की बहुतेक वेळा हे हातांमुळेच होतं, कितीही काळजी घेतली तरी एखादं बोट कुठेतरी लागून जातं. वन्संनी त्यांचं सगळं ऐकून घेतलं. मग उजवा हात उलटा करून बोटांच्या टोकांकडे बघितलं.

"बुधवारी मी जोडलं होतं," त्या म्हणाल्या. "माझ्याच हातून झालं असणार."

मी तिथेच होते, शुद्धीत होते. एक वाक्य बोलले असते तर पुरलं असतं. मी तोंड उघडलं नाही. मांजरांचं कळलं की मांजरं जाणार, हे मला स्वच्छ दिसत होतं, आणि मुकादमशिवाय पुन्हा त्या भिंतीसमोर जायचं मला धैर्य नव्हतं. वर स्वतःला असंही सांगितलं, की मी बोलले तर वन्संचं ते खोटंही उघडं पडेल, म्हणजे मी त्यांचीच अब्रू वाचवतेय. तापात माणसाला अशा सोयीच्या गोष्टी बऱ्या सुचतात.

चार दिवस वन्सं रोज दहाला यायच्या आणि सहाला जायच्या. माझ्या कशालाही त्यांनी हात लावला नाही. उशी सरकवायची झाली तरी सिस्टरना हाक मारायच्या. खुर्चीवर बसून राहायच्या आणि मधेच उठून हात धुऊन यायच्या. शनिवारपर्यंत त्यांच्या बोटांच्या पेरांची कातडी सोलवटली होती. घरचं विचारलं तर म्हणाल्या की मुकादम जेवला, चिंधी जेवली, आणि पुन्हा हातांकडे बघायला लागल्या. मला त्यांची दया येत होती आणि त्याहून जास्त राग येत होता. कशाला इतकं मनाला लावून घ्यायचं, असं मनात म्हणत होते. राग खरा कोणाचा होता ते सांगायला नको.

औषधाने ताप थोडा उतरला, पण पाणी गढूळच राहिलं. रविवारी सकाळी डॉक्टर आले. खुर्ची ओढून बसले. डॉक्टर बसले की समजायचं. ते म्हणाले की उद्या संध्याकाळपर्यंत पाणी स्वच्छ झालं नाही तर नळी काढावी लागेल आणि मग पुढे यंत्रच. प्रयोगशाळेत जे वाढतंय ते नेहमीचं दिसत नाही, पूर्ण अहवाल यायला अजून दोन दिवस लागतील, तोवर थांबण्यात धोका आहे. आणि मग त्यांनी विचारलं, घरात एखादा प्राणी आहे का.

सिस्टर पटकन म्हणाल्या की होती मांजरं, पण केव्हाच देऊन टाकली, कागदावर आहे तसं.

वन्सं उभ्या राहिल्या. शाळेत तपासणी अधिकारी आल्यावर राहत असतील तशा.

"ते मी खोटं सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. "मांजरं घरात आहेत. दोन. त्याची जबाबदारी माझी, हिची नाही. पण त्या खोलीत त्यांनी कधी पाय ठेवलेला नाही, हे मात्र मी खात्रीने सांगते. हिने मला शब्द दिलाय."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलंही नाही. वन्संनी खात्री दिली होती, विषय संपला होता. ते उठायला लागले. मला त्या क्षणी जितकी लाज वाटली तितकी कधीच वाटली नव्हती.

"खोलीत येतात," मी म्हटलं. "रोज येतात. मीच घेते."

मग सगळं सांगितलं. दुपारचं दार, डोळा लागला ते, दोन भोकं, चिकटपट्टी. चिकटपट्टीशी आल्यावर डॉक्टरांनी मला थांबवलं आणि पुन्हा सांगायला लावलं. त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला अजून नीट सांगता येणार नाही, पण त्यांनी तिथल्या तिथे औषध बदललं, नळी काढायची मुदत दोन दिवस पुढे ढकलली आणि प्रयोगशाळेत फोन करायला निघून गेले. कोणत्या मांजराने चावलं, असं सिस्टरनी विचारलं. मी म्हटलं, पाहिलं नाही, पण मुकादम तसं करणार नाही.

"प्रत्येक आई माझ्यासमोर बसून हेच सांगायची," वन्सं म्हणाल्या. त्यांनी पिशवी उचलली आणि त्या निघून गेल्या. तेव्हा अकरासुद्धा वाजले नव्हते.

सोमवारी त्या येणार नाहीत असं मी धरून चालले होते. दहाला आल्या. खुर्चीवर बसल्या, वर्तमानपत्र उघडलं, वाचलं, घडी घातली.  दुपारी सिस्टर बाहेर गेलेल्या बघून बोलल्या, आवाज न चढवता.

"नळी तू फाडू दिलीस, त्याचं मला काही नाही. आजारी माणूस चुकतं. पण चार दिवस तू मला माझे हात बघत बसवलंस. एका मांजरासाठी."

मी म्हटलं, हो. 

मंगळवारी पाणी निवळायला लागलं आणि बुधवारी सिस्टरनी पिशवीमागे वर्तमानपत्र धरलं तेव्हा मी त्यातली जुन्या पलंगाच्या विक्रीची जाहिरात शेवटच्या ओळीपर्यंत मोठ्याने वाचून दाखवली. नळी वाचली, नोकरी वाचली. सिस्टरनी मात्र सांगून ठेवलं, की यापुढे त्या न कळवता घरी येतील, खोलीचं दार आपोआप बंद करणारी घट्ट स्प्रिंग हवी, आणि मांजरांचं काय ते आम्ही दोघींनी मिळून ठरवावं.

ठरवलं वन्संनीच. घरी परतलो त्या संध्याकाळी त्यांनी मला समोर बसवून सांगितलं की मांजरं राहतील. ती गेली तर मी परत भिंतीकडे तोंड करून पडेन, आणि ते बघण्याइतकी ताकद आता त्यांच्यात नाही. स्प्रिंग असली तरी दार ओढून नीट लावणार मीच, दिवसातून चारही वेळा, स्वतःच्या हाताने. पुढे म्हणाल्या, "आणि जोडण्याचं काम मी यापुढे करणार नाही. ते मला सांगू नकोस."

मला वाटलं, राग आहे, जाईल. जंतू मांजराच्या तोंडातला होता, वन्संच्या हातून काही झालं नव्हतं, हे आता प्रयोगशाळेच्या कागदावर लिहिलेलं होतं. तो कागद त्यांनी स्वतः वहीत चिकटवला होता. पण हातावरचा त्यांचा विश्वास जो गेला तो परत आला नाही. काचेचं भांडं त्या दोन्ही हातांनी उचलायला लागल्या. सुईत दोरा ओवायचा तर मला देऊ लागल्या. चार दिवस माणसाला एखादी गोष्ट खरी वाटू दिली की नंतर ती खोटी होती असं सांगून भागत नाही, हे मला त्यांच्याकडे बघून कळलं. मी केलं होतं ते एवढं मोठं होतं.

सुताराने स्प्रिंग बसवून दिली. मी आत गेले की वन्सं दाराबाहेर खुर्ची टाकून पहाऱ्याला बसायच्या, दुपारचीसुद्धा. त्यासाठी त्यांनी वाचनालयाची वेळ बदलली. पहिले काही दिवस मुकादमने दार खरवडलं. मग एका दुपारी बाहेर आले तर तो वन्संच्या मांडीवर होता. त्या पाठ ताठ ठेवून, दोन्ही हात हवेत धरून बसल्या होत्या, अंगावर रंग सांडल्यासारख्या. म्हणाल्या, याला घे. मी घेतला, तो उतरून परत तिकडेच गेला. महिन्याभरात हात खाली आले आणि त्याच्या पाठीवर टेकले. 'तुझी ती' म्हणणं केव्हा बंद झालं ते लक्षात आलं नाही. सकाळी मासळी अजून माझ्याकडेच मागायचा, पण दिवसा त्याची जागा ती मांडी. मला वाईट वाटत होतं आणि तक्रार करायला तोंड नव्हतं.

गेल्या महिन्यात मला तीन दिवस उलट्या झाल्या. रक्तदाब खाली आला. चौथ्या दिवशी दुपारी बसले, मास्क लावला, हात धुतले, पिशवी टांगली, दोन्ही टोकांची टोपणं काढायला घेतली आणि माझे हात थरथरायला लागले. थांबले, श्वास घेतला, पुन्हा प्रयत्न केला. टोपणं न काढताच दोन्ही टोकं समोरासमोर धरून बघितली, तर नळी इकडे, टोक तिकडे. ऐंशी थरांवर सरळ रेघ मारणारे हात, आणि बोटभर अंतर जुळेना. टोपणं तशीच ठेवली आणि हाक मारली.

वन्सं दार न उघडता बाहेरूनच म्हणाल्या, "काय झालं?"

मी म्हटलं की मला जमत नाहीये, हात हलताहेत.

"सिस्टरना फोन करते."

"फोन नको. तुम्ही हात धुवा आणि या."

 मग त्या म्हणाल्या, "माझ्या हातांचं तुला सांगितलंय मी."

"तुमच्या हातांनी काहीही झालेलं नव्हतं. कागद आल्यावर नाही कळलं मला ते, वन्सं. पहिल्या दिवसापासून माहीत होतं. माहीत असताना मी गप्प बसले, कारण मला तुमच्यापेक्षा मुकादम हवा होता. त्याची माफी मी अजून मागितलेली नाही. आता मागते. हात धुऊन या."

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मुकादम खाली टाकला गेल्याचा आला. मग बेसिनचं पाणी, ते मी मोजलं, पूर्ण तीन मिनिटं. त्या कोपराने दार ढकलून आत आल्या. दार त्यांच्यामागे आपोआप बंद झालं. मास्कच्या वर त्यांचे डोळे मला दिसत होते आणि त्यांना भीती वाटत होती. त्यांनी पहिलं टोपण काढलं. पायऱ्या मोठ्याने म्हणायला सुरुवात केली, पण दुसरीपाशीच अडल्या, म्हणून पुढच्या त्यांच्यासाठी मी म्हणायला लागले.

तेवढ्यात बाहेर मुकादमने सूर लावला. त्याच्यासाठी खुर्चीवर बसायला आता कोणी नव्हतं. आधी दार खरवडलं, मग घशाच्या तळापासून ओरडायला लागला, कोणी मेल्यासारखा. वन्संचे हात जागच्या जागी थांबले. त्या माझ्याकडे बघत राहिल्या.

"ओरडू दे त्याला," मी म्हटलं. "तुम्ही जोडा."

त्यांनी जोडलं. हात जरासुद्धा हलला नाही. पाणी उतरायला लागलं तशा त्या माझ्या शेजारी खाटेवर बसल्या, आणि बाहेर मुकादम बराच वेळ ओरडत राहिला.